दराच्या पाटीवर गावाचं नाव पण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजाराबद्दल आणि हल्ली 'शेतकरी ते ग्राहक' असा फलक लावून जे बाजार भरतात त्यांच्याबद्दल लिहितेय. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा पण मागणी तेवढी ठेवा, म्हणून ती आधीच सांगते. बाजारात दराची पाटी असते तशी मालाशेजारी गावाची पण पाटी पाहिजे. वांगी इतक्याला आणि खाली गाव, तालुका. बास. सर्टिफिकेट नको, क्यूआर कोड नको, पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं तरी चालतंय.

आता कोणी म्हणेल हिला काय करायचंय गाव घेऊन, भाजी ताजी आहे ना मग घे आणि जा. पण आपल्याकडं हल्ली 'जवारी', म्हणजे गावठी, म्हटल्याशिवाय काही विकलंच जात नाही. जवारी वांगी, जवारी कोथमीर, जवारी काकडी, जवारी अंडी, परवा तर एकानं जवारी बेबीकॉर्न म्हणून हाक दिली, तिथं मी हसतच पुढं गेले. गावरान, सेंद्रिय, ऑरगॅनिक, डायरेक्ट शेतातनं, हे शब्द लिहायला पैसे पडत नाहीत आणि खोटे ठरवायला पण येत नाहीत. गावाचं नाव लिहिलं की मात्र माणूस अडकतो, कारण कोल्हापुरात प्रत्येकाचा कोण ना कोण पाव्हणा त्या गावात असतोच. उद्या कोणी 'बीडशेडची मेथी' म्हणून पाटी लावली आणि ती बीडशेडची नसली तर दोन रविवारच्या आत बीडशेडचा कोणीतरी येऊन विचारणारच की दादा कुणाच्या रानातली रे ही. तपासायला वेगळा इन्स्पेक्टर लागत नाही.

बाजारात बारकाईनं बघितलं तर शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे बऱ्यापैकी कळतं. व्यापाऱ्याकडं एकाच मालाचा ढीग असतो, सगळी टोमॅटो एका मापाची, क्रेटमधनं ओतलेली, मागं रिकाम्या क्रेटची चळत. स्वतःच्या रानातलं घेऊन आलेल्या बाईकडं सगळं थोडं थोडं असतं. पोकळ्याच्या सात-आठ पेंड्या, चार दोडके त्यातला एक वाकडा, घेवड्याचे दोन वाटे, कोपऱ्यात लिंबं, आणि बुट्टीच्या तळाला ओल्या फडक्यात कढीपत्ता नाहीतर शेपू. वजनकाटा असतो पण तिचं मन वाट्यावरच असतं, वाटा उचलला की वर दोन शेंगा टाकणार म्हणजे टाकणारच.

पण हे पण सरळसोट नाही बरं का. एका मावशींना मी विचारलं, वांगी कुठली? म्हणाल्या, शिरोळची. म्हटलं तुमची? तर हसल्या आणि म्हणाल्या, "आमची कुठली गं बाई, वांगी यार्डातनं आणल्यात, पोकळा आणि शेपू तेवढा आमचा." आता यात काय वाईट आहे? काहीच नाही. दोन पेंड्या पोकळा घेऊन आलेल्या बाईचं भाडं तरी निघायला पाहिजे, म्हणून ती शाहू मार्केट यार्डातनं सकाळी दहा किलो वांगी घेते आणि बरोबर विकते. विचारल्यावर खरं सांगितलं, एवढंच तर पाहिजे. म्हणून माझं म्हणणं असं की पाटी माणसाला लावू नका, मालाला लावा. 'हा शेतकरी' 'हा व्यापारी' असे शिक्के मारायला लागलो तर या मावशी कुठल्या रांगेत बसणार?

आणि शिरोळची वांगी म्हणजे खरंच शिरोळची असली तर सोनं आहे. नदीकाठची मळीची जमीन, पंचगंगा आणि कृष्णा एकत्र येतात तो नृसिंहवाडीचा सगळा पट्टा, काटेरी देठाची वांगी, भरून केली तर बोट चाटत बसायचं. पण २०१९ ला आणि परत २०२१ ला महापुरात तो पट्टा पाण्याखाली गेला, रानात गाळ सोडून काही राहिलं नाही, आणि त्यानंतरच्या दिवसांत पण इथं 'शिरोळची जवारी' अशा हाका चालूच होत्या. कुठनं येत होती ती वांगी? येऊ दे की दुसरीकडनं, पूर आल्यावर दुसरीकडचीच खाणार आपण, पण मग त्या गावाचं नाव घ्या. शिरोळच्या माणसाचं पीक गेलेलं आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल खपतोय, हे बरं वाटत नाही.

गंमत अशी की दुधाच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर किती चोखंदळ. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जाऊन बघा, म्हैस समोर उभी, धार समोर काढणार, फेसाळ ग्लास तिथंच तोंडाला लावणार. कोणाची म्हैस, काय खाते, सगळं तोंडपाठ. पिशवीतलं दूध घेणाऱ्याला 'काय पाणी पितोस होय' म्हणून चिडवणारी माणसं आपण, आणि तीच माणसं भाजीच्या ढिगापुढं उभी राहिली की एक प्रश्न विचारत नाहीत. दर विचारतात फक्त.

आता दराचं. या बाजारात सगळं स्वस्त मिळतं असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. कधी स्वस्त असतं, कधी यार्डाशेजारच्या हातगाडीपेक्षा महागच. मेथी, शेपू, कोथमीर हे सकाळी जवळच्या गावातनं येतं ते परवडतं. पण बाई एसटीनं येते, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालंय त्याचा फायदा आहेच, तरी पुढं रिक्षा, बसायच्या जागेची पावती, आणि अख्खा दिवस. तिचा रोजगार बुडतो तो कुठं धरणार? म्हणून दोन-पाच रुपये इकडं तिकडं झाले तर मला वावगं वाटत नाही. उलट मला विचाराल तर घासाघीस करू नका असला उपदेश पण मी करणार नाही, बाजार आहे, त्या मावशी पण माझ्यासारख्या दहाजणींना गुंडाळून खिशात घालतील एवढ्या तयारीच्या असतात. फक्त उन्हं चढल्यावर, साडेअकरा-बाराला जाऊन 'सगळं दे पन्नासला' करायचं ते करू नये, कारण पालेभाजी तोपर्यंत मान टाकते आणि तिला परत घेऊन जाता येत नाही हे आपल्याला पण माहिती असतं.

२०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला, शेतकऱ्याला कुठंही विकायची मुभा दिली, अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतनं कापायची बंद करून खरेदीदारावर टाकली. त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळ्यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार अभियान पण काढलं. कल्पना चांगलीच होती, कोणी नाही म्हणत नाही. पण मुभा मिळाली म्हणून चंदगडचा माणूस कोल्हापुरात येऊन बसला का? नाही बसला, आणि बसणार पण कसा. चंदगडहून कोल्हापूर म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, बेळगाव त्याला निम्म्याहून जवळ. रताळी, काजू, फणस, सगळं तिकडंच जातं. आपल्याच जिल्ह्यातलं रताळं आपल्याला उपासाला मिळतं ते कुठल्या कुठल्या बाजारातनं फिरून आलेलं, आणि विकणाऱ्याला पण ते कुठलं हे सांगता येत नाही. जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि शहरातल्या बाजारात दिसतात ते करवीर, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ, थोडं कागल. बाकीचे कुठं असतात?

याच्यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं होतं तर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं. आजरा घनसाळला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आजऱ्यातला तोच घनसाळ, बाहेरच्या कुणी ते नाव लावायचं नाही. भात बारीक, शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं काय टाकलंय ते. पण पीक उशिरा येणारं, वाढलं की लोळतं, उतारा कमी, त्यामुळं खरा घनसाळ स्वस्त मिळूच शकत नाही. आणि तरी शहरात एका दुकानात मला मोठ्या अक्षरात 'घनसाळ' लिहिलेली पिशवी इंद्रायणीच्या आसपासच्या दरात दिली, घरी शिजवला तर वास म्हणून नाही, नुसता चिकट गोळा. परत घेऊन गेले तर म्हणे, ताई यंदा पाऊस जास्त झाला म्हणून वास कमी आहे. पावसानं वास धुऊन नेला! पिशवीवर पॅकिंग कुठं केलं त्याचा पत्ता होता, पिकलं कुठं त्याचा नव्हता. आजऱ्याचा शेतकरी स्वतः पोतं घेऊन बाजारात बसला असता आणि गावाची पाटी असती तर मी दुकानात गेलेच नसते. भात काढून झाल्यावर, जानेवारीच्या आसपास, महिन्यातनं एक रविवार तरी आजरा-चंदगड-गडहिंग्लजच्या मालासाठी ठेवा, टेम्पो एकत्र करून आणायची सोय करा, मग बघा कोल्हापूरकर किती पोती उचलतात. वर्षाचा तांदूळ एकदम भरणारी घरं अजून आहेत आपल्याकडं.

गुळाचं तर बोलायलाच नको, पण बोलते. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, त्यावर हे शहर मोठं झालं. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय मिळालं. आणि आज कोल्हापुरातच रव्यावर, म्हणजे ढेपेवर, कोल्हापुरी लिहिलेला गूळ कोल्हापूरचाच असेल याची खात्री कोणी देत नाही, बाहेरनं आलेला गूळ आपल्या नावानं विकला जातो ही तक्रार गूळ उत्पादक किती वर्षं करतायत. त्यात आपला पण हात आहे. आपल्याला गूळ पिवळाधमक पाहिजे, तांबूस दिसला की 'काळा आहे, नको' म्हणून बाजूला. मग तो पिवळा करायला काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन पडतं. भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला, बाकी काही न घातलेला गूळ असा बल्बसारखा चमकत नसतो हो, तो जरा मळकट सोनेरी-तांबूसच असतो, आणि चहात टाकला की कळतो. सीझनला एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभं राहा, चुलवाणाची धग सोसत काहिलीत काय पडतं ते बघा, गुळव्याला विचारा, तो लपवत नाही. ज्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ आहे त्यानं बाजारात किलो-अर्ध्या किलोच्या ढेपा आणल्या, पाटीवर गाव टाकलं आणि 'हायड्रॉस नाही' एवढं लिहिलं तर चार पैसे जास्त द्यायला माझी तयारी आहे, आणि माझ्या आळीतल्या निम्म्या घरांची असेल.

आता एक गोष्ट आवर्जून लिहिते नाहीतर कोणीतरी वेगळाच अर्थ काढेल. जवळचं म्हणजे महाराष्ट्रातलंच असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात चटणीसाठी आपण संकेश्वरी मिरची शोधत फिरतो, संकेश्वर कर्नाटकात आहे. निपाणी, संकेश्वर हे आपल्याला नाशिकपेक्षा कितीतरी जवळ, गडहिंग्लजच्या बाजारात तर अलीकडची पलीकडची मिरची शेजारी शेजारी असते, माणसं पण एकमेकांची सोयरी. निपाणीकडची भाजी निपाणीची म्हणून घ्यायला काय हरकत? फक्त तशी सांगा. मिरचीत तर गाव माहिती असणं फारच महत्त्वाचं, कारण ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला हे गणित जमलं नाही तर वर्षभराची चटणी बिघडते आणि मग वर्षभर घरात कोणी ना कोणी टोमणे मारत जेवतं.

आणि सगळंच इथलं खायचं असा हट्ट पण नाही माझा. कांदा नाशिक-नगर-सोलापूरकडचा येतो, बटाटा उत्तरेकडनं येतो, सफरचंद काश्मीर-हिमाचलचं, येऊ दे. तांबड्या रश्शाला खोबरं लागतं ते काय कळंब्यात पिकत नाही. त्याच्यावर पण गाव लिहा, निदान राज्य लिहा, बिघडत काय नाही.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांचं मात्र जरा वेगळं आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगराकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, आळूची पानं घेऊन येतात, उन्हाळ्याच्या शेवटी करवंदं आणि जांभळं. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव असतो, तिथं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणारे भरपूर असतात, घेणारे त्या मानानं कमी, कारण करायची कशी हे माहिती नसतं. अहो विचारा की त्या बाईलाच. भारंगी उकडून पाणी पिळून टाकायचं, मग कांद्यावर परतायची, नाहीतर कडू लागते, हे मला एका बुट्टीवालीनंच शिकवलं, आणि त्यात हरभऱ्याची डाळ भिजवून घाल म्हणून वर सांगितलं. असली माहिती मॉलमधल्या पोराला विचारून मिळत नाही, तो बिचारा बारकोड मारतो. फक्त रानभाजी ओळखीच्या बाईकडनंच घ्यावी, सारख्या दिसणाऱ्या पाल्याचा घोटाळा होऊ शकतो, आणि इथं परत गाव माहिती असलेलं बरं.

आपल्या पेपरकडं पण एक मागणं आहे. बाजारभाव तुम्ही छापता, चांगलं करता, आमच्याकडं सकाळी तो कोपरा वाचल्याशिवाय पिशवी बाहेर निघत नाही. त्यातच रविवारी चार ओळी वाढवा, या आठवड्यात कुठल्या तालुक्यातनं काय आलंय. गडहिंग्लजच्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा आल्या, आजरा-चंदगडचे ओले काजूगर आले, चाकवत सुरू झाली, हरभऱ्याचा पाला आला. काजूगर तर आठ-पंधरा दिवसांचा खेळ असतो, कळेपर्यंत संपतात. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेतच, त्यांना हे एका फोनचं काम.

ज्यांच्या हातात बाजाराची जागा आहे त्यांना काय सांगायचं, त्यांना सगळं माहिती आहे. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात जागा ठरवून द्यायची, समिती नेमायची सगळं लिहिलंय. प्रत्यक्षात आठ तास बसणाऱ्या बाईला लघवीला जायला जागा नाही म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही, हे मला एकीनं नाही अनेकींनी सांगितलंय, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही, ज्यांना वाटायला पाहिजे त्यांना वाटू दे. बायकांसाठी स्वच्छ संडास, प्यायच्या पाण्याचा एक नळ, डोक्यावर हिरवी जाळी का होईना, आणि शेतातनं थेट येणाऱ्यांना सकाळी सात ते दहा रस्त्याच्या तोंडाशी बसायला जागा. नाहीतर होतं काय, तोंडाशी क्रेटवाले पहाटेच जागा धरतात आणि एसटीनं येणारी बुट्टीवाली मागच्या गल्लीत गटारीच्या कडेला. गिऱ्हाईक तिथंपर्यंत पोचतच नाही.

पाटीचा खर्च मी काढलाय. एक पुठ्ठा आणि खडू, नाहीतर मुलांच्या जुन्या पाट्या, त्या तर आमच्या माळ्यावरच दोन पडल्यात. ज्यांना लिहायला येत नाही त्यांना बाजाराच्या तोंडाशी कॉलेजची एनएसएसची पोरं बसवून लिहून द्यावं, रविवारची तशी पण मोकळीच असतात. सक्ती करू नका. आधी दहाजणींनी लावली, त्यांचा माल अकराच्या आत संपला, की बाकीचे विचारत येतील खडू कुठं मिळतो.

जूनच्या आत जाळीचं आणि संडासाचं तेवढं बघा, एकदा पाऊस सुरू झाला की पुढचे चार महिने कोणी खड्डा पण खणणार नाही.

आपली,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)